अंगठा आधी, मजकूर नंतर

आखातातल्या सालमिया शहरात आमच्या घराचे दार आकडे दाबून उघडते आणि आपोआप बंद होते. आकडे मला ठाऊक आहेत. परंतु गेल्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, पाव आणायला म्हणून दुपारचा निघालो आणि वाटेतच फुटपाथवर बसलो, तेव्हापासून मी एकट्याने बाहेर पडायचे नाही असे ठरले. ठरवले मुलाने. कागदोपत्री तो माझा कफील आहे; म्हणजे या देशात मी त्याच्या जबाबदारीवर राहतो. एके काळी त्याच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून माझी सही असे.

मी गोव्याचा. लहानपणी सकाळी मराठी शाळा आणि दुपारी पोर्तुगीज शाळा, असे शिकलो. पोर्तुगीज गेले तेव्हा शाळेतच होतो. त्यांनी मागे सोडलेल्या कागदांवर पुढे माझी सगळी नोकरी झाली. कसर लागलेली बाडे सोडवायची, सूची करायची, मागणाऱ्याला कागद दाखवायचा आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचा. कागदावर आहे तेवढेच सांगायचे, हा नियम मी पाळला. त्यामुळे माझ्याशी गप्पा मारायला फारसे कुणी येत नसे.

पत्नी गेल्यावर मुलाने मला इकडे आणले. तिकडचे घर कुलपात आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ तिकडे राहिलो तर इथला परवाना रद्द होतो. आणि तिकडे एकट्याने राहू देणार नाही, असे मुलगा म्हणतो. समुद्र इथून दोन गल्ल्यांवर आहे. तो खिडकीतून दिसत नाही. खिडक्यांना उन्हासाठी चंदेरी कागद लावलेला आहे, त्यामुळे दुसरेही काही दिसत नाही.

यंदा उन्हाळा चढू लागला तेव्हा मुलाने आपल्या रिफायनरीतल्या एका सहकाऱ्याला शुक्रवारी घरी आणले. मोझांबिकचा इंजिनिअर, साठीच्या घरातला, उंच, बुटाच्या नाड्या सोडताना भिंतीला हात टेकवणारा.

"बाबा, पोर्तुगीज बोलणारा माणूस आणलाय तुमच्यासाठी," मुलगा म्हणाला. "आता टीव्हीशी भांडणं बंद."

"आधी जेवू दे त्यांना," सून आतून म्हणाली. "बाबांनी एकदा कागद धरला की आमटीचं पिठलं होतं."

पाहुणा जेवला नाही. त्याने पिशवीतून छापील प्रतींचा गठ्ठा काढला, माझ्यासमोर ठेवला आणि सरळ विषयाला आला. ते मला आवडले.

त्याच्या देशाच्या उत्तरेला स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा पोर्तुगिजांच्या राजकीय पोलिसांनी त्याच्या गावातून काही पुरुष उचलून नेले. त्यांत त्याचा बाप होता. बाकीचे परत आले नाहीत, बाप आला. गावाने त्याला काही विचारले नाही. लोक त्याच्या अंगणात बसेनासे झाले, इतकेच. काही महिन्यांनी तो बंदरावर काम शोधायला म्हणून गेला, तो कायमचा. हा इंजिनिअर तेव्हा पाळण्यात होता. देश स्वतंत्र झाल्यावर नेलेल्या माणसांच्या नावांचा दगड गावात उभारला गेला. त्यात त्याच्या बापाचे नाव नव्हते. आता तो दगड फुटला म्हणून नवा घडवला होता आणि जुनीच नावे त्यावर कोरून झाली होती. दगड बसवण्याआधी गावकरी एकदा बैठकीला बसणार होते. आई थकलेली, अंथरुणाला लागलेली. नवऱ्याचे नाव दगडावर पाहायचे, एवढेच तिचे मागणे उरले होते. म्हणून या इंजिनिअरने लिस्बनच्या अभिलेखागारातून बापाच्या फाईलच्या प्रती मागवल्या. त्यांत निघाली ती बापाची जबानी. सोबत्यांची नावे सांगितली, अशी.

"सेन्योर," तो म्हणाला, "एवढंच सांगा, हे खरं आहे का?"

"कागद खरा आहे."

"कागदाचं नाही विचारत. बापाचं विचारतोय."

मी म्हटले, गठ्ठा ठेवून जा.

पुढच्या आठवड्यात घरातले सगळे आपापल्या कामाला गेले की मी तो गठ्ठा उघडून बसे. एसीची घरघर सोडली तर आवाज नसे. अशा युद्धांच्या दप्तराची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. जे लढतात ते फार लिहीत नाहीत. लिहिले तर पकडले जातात. लिहून ठेवतात ते पकडणारे. आणि नीट, तारीखवार, शिक्के मारून ठेवतात. त्यामुळे पकडलेला माणूस पुढे सापडतो तो पकडणाऱ्याच्या अक्षरात. त्याची उंची, कपाळावरचा व्रण, अंगावरचा सदरा, सगळे तिथे असते. बाहेर दुसरीकडे कुठेही नसते. या माणसाचे छायाचित्रही त्याच्या घरी नव्हते. तो त्या फाईलमधून कधी सुटलाच नव्हता.

जबानीची भाषा माझ्या ओळखीची होती. स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, अशी सुरुवात. पुढे लांबलचक, निर्दोष वाक्ये. गोव्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या फाईलींतही तीच वाक्ये आहेत. समुद्र वेगळा, माणूस वेगळा, वाक्य तेच. परंतु त्यावरून काही सिद्ध होत नाही. खरे बोलणाऱ्याचीही जबानी कारकून त्याच साच्यात घालतो.

मग मी मजकूर वाचणे सोडले आणि टाइप केलेले पान नुसते पाहिले. वरच्या ओळी ऐसपैस होत्या. अर्ध्या मजकुरानंतर ओळींमधले अंतर कमी झालेले. शेवटच्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या. अखेरचे शब्द उजव्या समासात दाबून बसवलेले. त्यांच्याखाली अंगठ्याचा ठसा होता आणि ठशाखाली निम्म्याहून जास्त पान कोरे होते. खाली एवढी जागा असताना टंकलेखकाने वर दाटी का केली? ठसा आधीच तिथे होता म्हणून. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि मजकूर सवडीने वर भरायचा, ही त्या कचेऱ्यांची रीत. आमच्याकडच्या बाडांत अशी पाने मी पुष्कळ पाहिली आहेत. एक माझ्या मामांचे आहे. त्याला सूचीत क्रमांक मीच घातला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

शुक्रवारी इंजिनिअर आला. मी त्याला पान दाखवले. त्याने ते उजेडाकडे धरले, पुन्हा टेबलावर ठेवले, ओळींवरून बोट फिरवले. मग माझा हात धरला.

"म्हणजे तो बोलला नाही."

"असं मी म्हटलं नाही."

"पण मजकूर खोटा!"

"मजकूर नंतर लिहिला. खोटा की खरा, ते पान सांगत नाही."

"मला एक ओळ लिहून द्या. तो बोलला नाही, एवढी. आई वाचणार नाही. तिला मी वाचून दाखवीन. तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही. म्हणूनच लिहिणार नाही."

तो उठला. "तुम्ही कचेरीतली माणसं सगळी सारखीच," तो म्हणाला. "इकडची काय आणि तिकडची काय." नाड्या न बांधताच तो गेला. दार त्याच्यामागे आपोआप बंद झाले.

मुलाने विचारले, "काय बाबा, पहिलंच गिऱ्हाईक पळवलंत?"

पानावर नव्हते ते लिहून देणे मला अवघड नव्हते. आजवर ज्यांनी ज्यांनी तसे लिहिले, त्यांचेच कागद मी आयुष्यभर झटकत आलो होतो.

गावकऱ्यांची बैठक पुढच्या शुक्रवारी होती. इंजिनिअरला जायचे होते. परंतु हल्ली देशाबाहेर जाण्यासाठी मालकाची ऑनलाइन मंजुरी लागते, आणि कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असल्यामुळे त्याच्या खात्यातल्या कुणालाही ती मिळत नव्हती. बैठकीच्या दिवशी दुपारी तो फोन घेऊन आमच्याकडेच आला. आल्या आल्या म्हणाला, "त्यांच्याशी तुम्हीच बोला. मी बोललो तर मुलगा बोलतोय म्हणतील."

सुनेने फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर एक अंगण दिसले. काजूच्या झाडाखाली माणसे बसली होती. पुढे चटईवर, पाठीशी उशी घेऊन, त्याची आई. तिच्या शेजारी खुर्चीवर एक वृद्ध. युद्धात लढलेला, आता गावचा मुखिया. तो रांगडे, सरळ पोर्तुगीज बोलत होता.

"हा कोण?" त्याने विचारले.

"गोव्याचे आहेत. जुने सरकारी कागद वाचायचं काम केलंय आयुष्यभर," इंजिनिअर म्हणाला.

"गोव्याचा!" मुखिया मागे वळून काही बोलला आणि सगळे अंगण हसले. "आमच्या ठाण्यात टाइप करणारा कारकून गोव्याचाच होता. चष्मा अस्साच. हाच नव्हे ना तो?"

"मी त्या वेळी पोरसवदा होतो," मी म्हटले. "पण तो कारकून आमच्याकडचा असेल. म्हणून तर ते कसं करायचे हे मला ठाऊक आहे."

हसणे थांबले. मी जबानीचे पान फोनसमोर धरले. वरच्या सैल ओळी, खालची दाटी, ठसा, त्याखालची कोरी जागा, एकेक दाखवले. मुखियाने खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे तो बोलला नाही?"

शेजारी इंजिनिअरचा श्वास मला ऐकू येत होता.

"ते मला माहीत नाही. या पानावरचे शब्द त्याचे नाहीत. अंगठा घेतला तेव्हा पान कोरं होतं. एवढंच मी सांगतो."

"मग तो सुटला कसा? आमचे सुटले नाहीत."

"ते या फाईलीत नाही."

इंजिनिअरने तोंडावर हात ठेवला. एक कोंबडी चटईवरून गेली. तिला कुणी हाकलले नाही.

"असे कागद बाकीच्यांचेही असतील?" मुखियाने अखेर विचारले.

"असतील. पकडलेल्याचा कागद ते करायचेच."

"त्यावरही अंगठे?"

"बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"आणि वर मजकूर?"

"तेही बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

झाडाखाली बसलेले बहुतेक सगळे दगडावरच्या माणसांचे मुलगे आणि नातू होते, हे मला नंतर कळले. मग चटईवरून इंजिनिअरची आई आपल्या भाषेत दोनच शब्द बोलली. इंजिनिअरने मला त्यांचा अर्थ सांगितला नाही. मुखियानेच सांगितला.

"ती म्हणते, मागवा. सगळ्यांचे मागवा."

तिने मान वळवून एकेकाकडे पाहिले. माणसे जमिनीकडे पाहत होती. तिच्या नवऱ्याला बाहेर ठेवताना जो कागद कुणी पाहिलाही नव्हता, तसाच कागद आता प्रत्येकाच्या घरच्या माणसाचा निघू शकत होता, आणि सगळे कोंडीत सापडले होते. बाहेर पडायला एकच वाट होती, आणि ती तिच्या अंगणातून जात होती.

मुखिया उठला. "कशाला मागवायचे?" तो म्हणाला. "गवंडी अजून इथेच आहे. त्याला नाव सांगतो."

"कुणाचं?" इंजिनिअरने विचारले. त्याला खरोखरच कळले नव्हते.

"तुझ्या बापाचं, गाढवा. दुसऱ्या कुणाचं!"

फोन बंद झाल्यावर सुनेने त्याच्यापुढे चहा ठेवला. तो त्याला दिसला नाही. माझा मुलगा, ज्याला यातले अक्षरही समजले नव्हते, पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. थोड्या वेळाने इंजिनिअर मला म्हणाला, "त्यांना खात्री पटली नाही, सेन्योर. ते घाबरले."

"हो."

"बाकीच्यांचे कागद मागवू का मी?"

मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही, ही आमच्या कामाची रीत. तसे मी त्याला सांगितले. मात्र मागणारा आपण आहोत का, हे ज्याचे त्याने ठरवायचे, असेही सांगितले. त्याने गठ्ठा पिशवीत घातला. या वेळी त्याने नाड्या बांधल्या.

त्याची मंजुरी अजून आलेली नाही. दगड बसला त्या दिवशीही तो इथेच होता. त्याने मला छायाचित्र पाठवले. वरची नावे ऐसपैस कोरलेली आहेत. त्याच्या बापाचे नाव अगदी शेवटी. दगडाची कडा जवळ आली होती, म्हणून गवंड्याने अक्षरे बारीक केली आहेत आणि एकमेकांना चिकटवून घेतली आहेत. शेवटचे अक्षर कडेला टेकता टेकता राहिले आहे. हे मी त्याला कळवले नाही. त्याला दिसले असेल, किंवा दिसले नसेल.

संध्याकाळी दाराचे आकडे वाजले. मुलगा आत आला, दार बंद झाले.

"आलं का हो नाव?" त्याने विचारले.

"आलं," मी म्हटले, आणि फोन त्याच्या हातात दिला.