दगडाखालचं पाणी

आमच्या विहिरीचे किस्से निघाले की चहा दोनदा गरम करावा लागतो. एक संपत नाही तोवर कुणीतरी म्हणतंच, "अन् ते इंजिनचं?" त्या इंजिनचा मालक मीच, म्हणून माझी पंचाईत. पण आज सगळं सांगतो.

कारंजा गावाच्या बाहेर आम्हा चार घरांचे भाजीचे मळे आणि मधे एकच विहीर. विहिरीत आतून एक काळा दगड पुढे आलेला. पाणी त्याच्या खाली गेलं की मळ्याचं पाणी बंद, उरलेलं फक्त प्यायला. नियम आजोबांनी घातला, पण राखला माझ्या सखूकाकूनं. अंगानं काडी, आवाज मात्र एसटीच्या हॉर्नचा!

*

एकदा काकूचीच पाळी होती. मेथीचा अर्धा वाफा भिजला आणि दगड उघडा पडला. काकूनं मोटेचे बैल सोडले. काका म्हणाले, वाफा तं पुरा होऊ दे.

"दगडाले घरचं-दारचं समजत नाही," काकू म्हणाली.

अर्धी मेथी वाळली. काका आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. काकू म्हणायची, तेवढाच निवांतपणा मिळाला.

*

मग मी डिझेल इंजिन आणलं. नवं लग्न झालेलं, अंगात जोर फार. नारळ फोडला, पेढे वाटले. मोटेला जिथं दिवस लागायचा, तिथं इंजिननं जेवणाच्या आधीच पाणी दगडाखाली नेलं. तरी मी ते बंद केलं नाही. काकू एक शब्द बोलली नाही, तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी थोडा वेळ पाणी आलं, मग इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. वाकून पाहिलं तर काकूनं विहिरीत उतरून पाइपाचं तोंड वर ओढलेलं आणि सुंभानं त्या दगडालाच बांधलेलं!

"त्याले सांग, इथवरच पी," ती म्हणाली.

सगळा मळा माझ्यावर हसला. पण त्या उन्हाळ्यात आसपासच्या विहिरी आटल्या, आमची नाही. मी मुकाट्यानं सुंभ काढून तिथं चांगला नायलॉनचा दोर बांधला.

*

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीवर अर्धं गाव यायचं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया लांब उभ्या राहायच्या, कुणी वरून पाणी वाढेल म्हणून. पहिल्याच दिवशी काकूनं त्यांच्यातल्या कौसाबाईच्या हातात दोर दिला.

"दोर एकच हाये बाई. पाळी आली का तुमीच ओढा."

रांगेत कुजबुज झाली. ज्याले चालत नसंल त्यानं दुसरी विहीर पाहावी, असं काकूनं सांगून टाकलं. दुसरी होती कुठं? बाजारातल्या किराणा दुकानाच्या शेठाणीबाईंनी आपली घागर उचलली आणि कौसाबाईच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या विहिरीचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला, आजही वाटतो.

*

आता वांग्याचं. काकूचं बुटकं, काटेरी वांगं बाजारात गिऱ्हाईक नाव घेऊन मागायचं. बी तिच्याकडचंच, चारही मळे तिच्याकडूनच न्यायचे. त्या वर्षी पेरलेलं सगळं जळालं. विहिरीजवळ बियासाठी राखलेली दहा-बारा झाडं तेवढी उरली, आणि तीही माना टाकायला लागली. ती गेली की वाणच गेलं.

मी काकूला हात जोडले. एक घागर टाक म्हणालो, कोणी काही म्हणणार नाही.

"दगड दिसून राह्यला ना तुले?" ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. त्यानंतर ती झाडांकडे जाईनाशीच झाली. मला फार वाईट वाटलं.

महिन्याभरानं तिची तिकडं नजर गेली तर झाडं हिरवी, वांगी पिकून पिवळी! काकू रांगेसमोर उभी राहिली.

"पानी कोनं चोरलं?"

कौसाबाई म्हणाली, "म्या तं घागर इसळली."

"मी पण," शेठाणीबाई म्हणाल्या. मग सगळी रांगच तसं म्हणाली. घागर विसळायला प्रत्येकीला तांब्याभर पाणी मिळायचं. ते दगडांवर न फेकता त्या रोज झाडांच्या बुडाशी ओतत होत्या.

काकूनं पदर तोंडाला लावला.

पुढचा पाऊस लागला तशा तिनं बियांच्या पुड्या बांधल्या आणि रांगेतल्या एकूणएक बाईच्या दारी स्वतः जाऊन दिल्या. जिच्याकडे अंगणाएवढीच जागा, तिलाही. प्रत्येकीला एकच सांगायची:

"घे. चोरीचा माल हाये, वाटून खाऊ."