कुलिपाचा काटा

त्या हिवाळ्यात कोक-तोर गावात वीज एकदाही गेली नाही. एरवी डिसेंबर लागला की संध्याकाळचे दोन तास अंधाराचे ठरलेले. बायका मेणबत्ती लावून पीठ मळायच्या आणि वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. या वर्षी थंडी उणे पस्तिसावर गेली, तरी घरोघरी विजेच्या शेगड्या लालबुंद. गाव खूश होतं. कुलिपाही खूश होती. या सुखाचा हिशेब कुठेतरी चुकता होत असणार, हे तिच्या मनालाही शिवलं नाही.

तिचं सगळं आयुष्य काट्यापाशी गेलेलं. बाप सामुदायिक शेतीवर लोकर तोलायचा. नारिन शहरातल्या कॉलेजात गणित शिकून ही परत आली, तोवर ती शेतीच मोडीत निघाली होती. मग कुलिपाने बटाटे तोलले, भंगार तोललं, एकदा तर लग्नात आलेला मेंढा तोलला, कारण व्याही-व्याही त्याच्या वजनावरून हातघाईवर आले होते. नवरा कामासाठी रशियात गेला आणि तिकडचाच झाला. चार वर्षांपूर्वी रस्ते खात्याने पुलाच्या अलीकडे ट्रकचा वजनकाटा बसवला आणि शेजारच्या टपरीएवढ्या खोलीत कुलिपाला.

पूल आजोबांच्या काळातला, मधल्या खांबाला तडा गेलेला. त्याच्या शेजारी नवा व्हायचा होता. दोन खांब उभे राहिले आणि काम थांबलं. आता त्यांच्यावर कावळे बसतात. तोवर जुन्या पुलावरून पंचवीस टनांपेक्षा जड गाडी सोडायची नाही, असा हुकूम होता. कुलिपा तो पाळायची. डोंगरातल्या खाणीवरून येणारे कोळशाचे ट्रक मात्र बाजूंना फळ्या ठोकून उंच केलेले. एकेक छत्तीस टनांचा. भाडं टनावर, पंचविसात डिझेलही सुटत नाही.

म्हणून ड्रायव्हरांनी वाट काढली. धरणाचं तळं गोठलं की सरळ बर्फावरून पलीकडे. ना पूल, ना काटा, ना कुलिपा. त्यांची तिथली रीत ठरलेली होती. दोन्ही दारं उघडी ठेवून दोरीने बांधायची, म्हणजे वेळ आली तर उडी मारता येते. हलकी गाडी पुढे, सगळ्यांत जड शेवटी.

जड गाडी बहुतेक वेळा एमिलची असायची. एमिल कुलिपाचा एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा, मालकाचा ट्रक चालवणारा.

त्या दिवशी सकाळी चहात रोटी बुडवत त्याने आईला विचारलं, "आपा, आज सोडशील का पुलावरून?"

"पंचवीस भर. हार घालून सोडते."

"पंचवीस भरून मालकाला काय दाखवू? तुझं तोंड?"

"दाखव की. वजनदार आहे."

तो हसला. "त्यापेक्षा बर्फ बरा. तो काही विचारत नाही. आणि यंदाची थंडी बघ! दीड हात जाड झालाय. रणगाडा जाईल वरून."

ते तिलाही पटलं. जितकी थंडी कडक, तितका बर्फ भक्कम. आजवर सगळे असंच धरून चालले होते. दरवर्षी तो बर्फावर गेला की ती दिवसातून दहादा तळ्याच्या दिशेने बघायची. या वर्षी थंडीच्या भरवशावर पाचदाच, इतकंच.

दुपारी दोनच्या सुमाराला म्हातारा बेकबोलोत काट्याच्या खोलीत आला. साठी उलटलेला ड्रायव्हर, कुलिपाच्या वडिलांच्या ओळखीतला. त्याचा रिकामा ट्रक वर खाणीकडे निघाला होता.

"पोरी, कढत पाणी दे थोडं. इंजिन तहानलंय."

"तळ्यावरून आलात ना काका? तिथल्या बर्फातल्या भोकातून भरायचं."

"तळ्याला काय झालंय कोण जाणे! बादली सोडली, दोरी संपली, बादली कोरडीच वर. तो गळ टाकून बसणारा म्हातारा आठ दिवस घरात बसून आहे. मासे सुटले, बायको अडकली." बेकबोलोत आपल्याच विनोदावर खोकेपर्यंत हसला.

कुलिपाने किटली उचलली होती. ती तशीच हातात राहिली. कोपऱ्यात विजेची शेगडी लाल जळत होती. सकाळपासून. महिनाभरापासून.

"काका," ती म्हणाली, "वीज का जात नाहीये यंदा?"

"चांगलं आहे की! नजर लावू नकोस."

"धरणातून पाणी सोडतायत म्हणून. थंडी जास्त, शेगड्या जास्त, म्हणून पाणीही जास्त सोडलं. तळं खाली गेलं असेल. आणि बर्फ वरच आहे."

बेकबोलोतचं हसू ओठांवरच थिजलं. पाण्यावर टेकलेला बर्फ गाडी पेलतो. हा कशावर टेकला होता? त्याच बर्फावरून आपण तासापूर्वी आलो, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तिच्या हातातली किटली घेऊन तो ट्रककडे धावला.

कुलिपाने एमिलला फोन लावला. डोंगराच्या त्या अंगाला रेंज नसते, हे तिला ठाऊक होतं, तरी तीनदा लावला. मग पुलाच्या फाटकाला कुलूप घालून ती बेकबोलोतच्या ट्रकमध्ये चढली.

काठावर सात ट्रक उभे होते. दारं बांधणं चाललं होतं. काठाजवळ बर्फाला फट पडून तो वळचणीसारखा अधांतरी राहिला होता आणि तळ्याच्या मध्यातून मधूनच एक लांब, खोल घुमणारा आवाज येत होता. थंडीत बर्फ बोलतोच, म्हणून कोणी लक्ष देत नव्हतं.

पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "काय एजे, मोठ्या बहिणीसारख्या तुम्ही, आता बर्फावरही काटा मांडता काय? पोटावर पाय देण्याचीही हद्द असते!"

"आपा, घरी जा," एमिल खाली उतरून दबक्या आवाजात म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "हसतायत सगळे."

"हसू देत. एक ढेकूळ उचल. त्या फटीत टाक."

त्याने चिडूनच कोळशाचं मोठं ढेकूळ उचललं आणि काठाजवळच्या फटीत सोडलं. सगळे पाण्याच्या आवाजाची वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने खालून नुसता 'ठप्' असा आवाज आला. कोरडा. रिकाम्या कोठारात काही पडावं तसा.

एकाने गुपचूप दाराची दोरी सोडली.

"अर्धा माल इथे उतरवा," कुलिपा म्हणाली.

"उतरवतो. आणि राखणार कोण? सकाळपर्यंत गाव झाडून नेईल." पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला. मग आवाज उतरवून, "एजे, माझा माल शहरातल्या बाळंतिणींच्या दवाखान्याचा आहे. उद्यापुरताच कोळसा उरलाय त्यांच्याकडे."

सातही जण तिच्याकडे बघत होते. वर खाणीकडे परत जायचा चढ भरल्या गाडीला आता, गोठलेल्या रस्त्यावर, जमणार नव्हता. तिने चार वर्षं ज्याला 'नाही' म्हटलं होतं, तेवढंच उरलं होतं.

"पुलावरून चला," ती म्हणाली. "एका वेळी एकच गाडी. पायी चालल्यासारखी."

बेकबोलोत ही खबर द्यायला वर खाणीकडे गेला आणि ती पहिल्या ट्रकमधून पुलाशी परतली. काट्याच्या खोलीत न जाता तिने फाटक उघडलं. आकडा बघायची तिला हिंमत नव्हती. ती उतारावरून खाली, पुलाच्या मधल्या खांबाशी जाऊन उभी राहिली. तडा गेलेल्या खांबाच्या वर, पुलाच्या पोटाला हातहात लांब बर्फाच्या कांड्या लोंबत होत्या.

पहिला ट्रक आला. पूल थरथरला आणि कांड्यांची एक रांगच्या रांग खळ्ळकन तुटून गोठलेल्या नदीवर फुटली. ट्रक पलीकडे गेला. दुसऱ्याला त्याहून कमी पडल्या. तिसऱ्याला अजून कमी. त्यावरून तिला कळत होतं, पूल किती हलतो आहे ते. बापाने शिकवलं होतं, काटा नसेल तर दुसरं काहीतरी शोध, पण अंदाजाने तोलू नकोस. पाचव्याला चार कांड्या पडल्या. सहाव्याला एकच, शेवटची.

मग पुलाच्या पोटाला काहीच उरलं नाही.

सातवा ट्रक एमिलचा. सगळ्यांत जड. रीतच तशी. "थांब!" असं तिला ओरडावंसं वाटलं, पण थांबून तो जाणार कुठे? तो पुलावर आला. त्याने दारं उघडी बांधूनच ठेवली होती, सवयीने. पूल हलला की नाही, तिला कळेना. काही पडत नव्हतं, काही वाजत नव्हतं. तिने खांबावर तळवा टेकवला. दगड गार होता आणि आतून काहीतरी बारीक सरकल्यासारखं लागलं. की तो नुसता चाकांचा हादरा होता?

ट्रक पलीकडे पोचला. एमिलने भोंगा वाजवला आणि बांधल्या दारातून बाहेर वाकून ओरडला, "बघ आपा! उगाच घाबरत होतीस चार वर्षं! आता खाणीवर सांगतो सगळ्यांना, इकडूनच या म्हणून!"

बाकीच्यांनीही भोंगे वाजवले. ती हसली नाही. हात काढला तेव्हा तळव्याला खांबाची भुकटी लागली होती. करडी आणि कोरडी, ताजी.

ती वर आली. फाटक उघडंच होतं. तिने ते बंद केलं, कुलूप लावलं, किल्ली अंगरख्याच्या आतल्या खिशात घातली. संध्याकाळ झाली होती. मागे गावात दिवे लागले, सगळेच्या सगळे. समोर, खाणीच्या वळणावर, ट्रकच्या दिव्यांची पहिली जोडी दिसली. त्यामागे दुसरी. तळ्याच्या फाट्याशी त्या क्षणभर रेंगाळल्या आणि पुलाकडे वळल्या.