पुरे म्हणेपर्यंत

पद्माअक्का पत्त्यांत जिंकल्या की जागेवरून उठत नसत. कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, दारात कुणी येऊ दे. हरलेल्या माणसाने "पुरे" म्हटल्यावरच त्या गुडघ्यावर हात टेकून उठायच्या. त्यांच्या माहेरी, चादरी विणणाऱ्यांच्या घरात, लग्नाला जमलेल्या बायका असंच खेळत. जिंकणाऱ्याने आधी उठणं म्हणजे समोरच्याची भरपाईची संधी घेऊन पळणं.

सोलापुरात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. घरात तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी. मी इंग्रजी शाळेतली, कमी बोलणारी. "कॉन्व्हेंट, तोंड उघड की. पैसे पडत न्हाईत," असं म्हणून त्या पत्ते पिसायला घेत. पिसताना माझ्याकडे बघत नसत. मला ते बरं वाटे.

पैशांच्या रमीची ॲप्स तेव्हा सर्रास चालत. अक्कांचे गुडघे दुखू लागले, खेळायला येणाऱ्या बायका कमी झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने, नरेशने, फोनवर तसलं एक ॲप घालून दिलं. दुपारी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्या खेळत आणि बहुतेक वेळा जिंकत. समोरचा हरत असेल तर त्याच टेबलावर बसून राहत.

"दुसऱ्या टेबलावर जा ना, अक्का."

"बिचाऱ्याला भरून काढायचं आसंल. मी कशी उठू?"

एके दिवशी खातं बंद झालं. मेल इंग्रजीत होता, म्हणून फोन घेऊन त्या खाली आल्या. मी वाचून सांगितलं. तुम्ही सारख्या जिंकता, त्याच त्या हरणाऱ्या खेळाडूंसोबत बसून राहता, त्यामुळे लबाडीचा संशय आहे. 'लबाडी' मी हळू म्हटलं. खात्यातले पैसे परत मिळणार होते. त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"लबाडी कुटं केली म्हणतेत?"

"ते लिहिलेलं नाही."

संध्याकाळी नरेश हसला. "अम्मा, काय सेटिंग लावलीस गं? रोज कोण जिंकतंय का?" मग माझ्याकडे वळला. "त्यांचं बी बरोबर हाय. हरणारे पळून गेले तर दुकान कसं चालंल?"

तो हसत होता, पण सेटिंगचं खरंच विचारत होता. ते अक्कांना कळलं. मलाही कळलं.

"दुकान त्याचं, पत्ते त्याचे," अक्का म्हणाल्या. "लई झालं, आता ऊठ, म्हणू दे की. मी उठले आसते. उठवायला लबाड कशाला म्हणतोय?"

मी हेच ॲपवाल्यांना इंग्रजीत लिहिलं. तुम्हाला नको असलेल्या माणसाला काढा, पण कारण खरं द्या. उत्तर आलं, निर्णय अंतिम आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं, फक्त खालचं नाव वेगळं होतं.

त्यानंतर घरी कुणी आलं की नरेश सांगे, "आमच्या अम्माला ॲपनं हाकललं." पाहुणे हसत. अक्का शेंगाचटणीची वाटी ठेवून आत जात. पत्ते त्यांनी कपाटात टाकले. मी जात राहिले. आम्ही टीव्ही बघायचो. काय बघायचो ते आठवत नाही.

पुढे नरेशला पुण्यात नोकरी लागली. घर रिकामं झालं, सामान गेलं. निघायच्या दिवशी अक्कांनी पिशवीतून पत्ते काढले आणि त्या फरशीवरच बसल्या. मी दोन डाव हरले. पुरे म्हणाले असते तर त्या गेल्या असत्या. मी म्हटलं नाही.

नरेश वर आला. "अम्मा, गाडी थांबलीया."

"हरलेल्यानं म्हणायचं आसतंय."

तो दारात उभा राहिला. मग चपला काढून आमच्यात बसला. "मला बी वाट."

अक्कांनी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, हात उजेडात धरले. "नीट बघ."

तो बघत होता. स्वतःच्या पत्त्यांकडे कमी, आईच्या बोटांकडे जास्त. अक्कांचा डाव लागला; त्यांनी पत्ते उघडे मांडले. त्याने एकेक पान बोटाने सरकवून तपासलं. खालून हॉर्न वाजला. कुणी हललं नाही.

"पुरे, अम्मा," तो म्हणाला.

अक्कांनी गुडघ्यावर हात टेकला आणि त्या उठल्या.