दाजींच्या वाट्याचे डोके

रविवार, दिनांक ७ जून २००९, पौर्णिमा. अंजूर येथील तुळशीराम नवशा केणी यांना पडघ्याजवळच्या एका मासेमारीच्या तलावावर स्वतः धरलेला मासा परत पाण्यात सोडावा लागला. मी, त्यांचा शेजारी आणि गावातला शाळामास्तर, समक्ष हजर होतो. अशा गोष्टींची नोंद कोठे होत नाही, म्हणून येथे करतो.

तुळशीरामकाका आणि दाजी भोईर यांनी खाडीवर जोडीने गळ टाकून अर्धे आयुष्य जिताडे धरले. आमच्याकडची रीत अशी, की मोठा मासा ज्याच्या गळाला लागेल त्याने त्याचे डोके साथीदाराच्या घरी पोचवायचे. भांडण असले तरी ते नाकारता येत नाही. आणि डोके चुलीवर चढले की भांडण मिटले. बाजारचे मात्र चालत नाही.

दाजींनी जमीन गोदामवाल्याला विकली. त्याने भिंत घातली आणि खाडीची पायवाट आत गेली. तेव्हापासून दोघांत बोलणे नाही. काकांची पत्नी वारली, मुलगा कल्याणला असतो. समोरासमोरच्या ओट्यांवर दोन म्हातारे एकमेकांकडे न बघता बसून असतात. वाटेसाठी मी अर्ज केले. उत्तर देण्याची तसदी कोणी घेतली नाही.

अखेर काकांना मीच पडघ्याला नेले. तेथे तळ्यात रूपचंद नावाचा परदेशी मासा सोडला आहे. चपटा, माणसासारख्या दातांचा, ओढीला रेड्यासारखा. पौर्णिमा काकांनी मुद्दाम निवडली होती. पोचल्यावर मात्र ते गळ टाकीनात.

“पानी भरू दे, मास्तर. आज उधान हाय.”

“काका, तळ्याला भरती येत नाही.”

“पुनवेला पन न्हाय?” त्यांना ते पटले नाही. गळाची काठी मांडीवर घेऊन ते बसून राहिले.

शेजारी गळ टाकून बसलेला ठाण्याचा एक तरुण म्हणाला, “बाबा, मासा चालत वर येणार आहे का?”

“तुजा तरी कुटं आलाय?”

दुपारी, खाडीला पाणी चढण्याच्या वेळी, त्यांनी गळ टाकला. रूपचंद लागताच काठी वाकली. काकांनी रीळ सोडले आणि सवयीने तंगूसच, गळाचा नायलॉनचा दोरा, मुठीत धरला. तो तळहातात रुतला, रक्त आले. त्यांनी मूठ उघडली नाही. मासा पुन्हा पुन्हा तळाशी गेला. काठावर आला तेव्हा काका हसत होते.

तलावाचा व्यवस्थापक मितेश आला. “काका, फोटो काढा आणि सोडून द्या.”

“सोडू? मंग धरला कशाला?”

“हा खेळ आहे. मासा नेता येत नाही.”

“खेल झाला ना. मासा तू ठेव. मना फकस्त डोका दे, दाजीला द्याचाय.”

मितेशला ती थट्टा वाटली. मी नियम मागितला. त्याने कार्यालयामागच्या इंग्रजी पाटीकडे बोट दाखवले. मी वाद घालत असतानाच काकांनी मासा पाण्यात धरला, कल्ले नीट हलू लागेपर्यंत, आणि सोडला.

संध्याकाळी आम्ही अंजूरला उतरलो. काकांच्या हाताला फडके गुंडाळलेले पाहून दाजी ओट्यावरून अर्धे उठले. काकांनी तो हात पाठीमागे घेतला आणि दार लावून घेतले. रिकाम्या हाताने समोरच्या दारात कसे जायचे? दाजी पुन्हा ओट्यावर बसले.

खाडीकाठची जमीन विकणाऱ्या आणि घेणाऱ्या वाचकांनो, भिंती खुशाल घाला. पण त्यात गळ घेतलेला एक माणूस जाईल एवढे फाटक ठेवा, आणि त्याला कुलूप लावू नका.