माघारी मेंढरांमागं कोन हाय?

दिंद्रुडला खताच्या दुकानाच्या माडीवर मी सकाळी सात ते आठ इंग्रजीचा क्लास घेते. क्लासमध्ये शब्द जमतात, वाक्यं जमतात, असं लोकांना वाटतं. जमत असतील. माझ्याकडे मात्र किस्सेच जास्त साठलेत. मी ते कुठं लिहून ठेवत नाही, पण चहाच्या वेळी नवऱ्याला एक सांगितला की पाठोपाठ दुसरा आठवतो, मग तिसरा, आणि त्याचा चहा गार होतो. "तुझा क्लास आहे का पारावरची बैठक?" असं तो विचारतो. खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नाही.

शिकवायची पद्धत साधी आहे. आठ-दहा ओळींचा एक उतारा घ्यायचा. त्यात कुणीतरी एक माणूस असतो, तो काय करतो, त्याचं स्वप्न काय, एवढंच. उतारा मोठ्यानं वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं इंग्रजीत द्यायची. शेवटचा प्रश्न कायम एकच असतो. तुमचं स्वप्न काय? पाच ओळी लिहा.

पद्धत साधी, पण शिकणारी माणसं आमच्याकडची!

* * *

सुरेखा पहिल्या दिवशी आली ती सासऱ्यांना घेऊन. घर मेंढपाळाचं, वय तिशीच्या पुढं. दहावीला इंग्रजी तेवढं राहिलेलं, तेही दोनदा. तिची मावसबहीण अंबाजोगाईला एका दवाखान्यात कामाला आहे. तिनं सांगितलं होतं, दहावी पास हो, मग इकडं तुझं काहीतरी बघू.

"मार्चला पेपर हाय," सुरेखानं चपला काढता काढताच सांगितलं. "ह्या बारीला न्हाई निघाला तर मी पुन्हा फॉर्म भरनार न्हाई, मॅडम."

गडीमाणसं बसतात त्या क्लासला सून एकटी कशी जाणार, म्हणून सासरे कोंडिबा सोबत. त्यांचा उजवा गुडघा दुखरा. माडीला चौदा पायऱ्या, त्या काठी टेकत एकेक चढायचे आणि मागच्या भिंतीला घोंगडी टाकून बसायचे. सुरेखा त्यांना मामा म्हणायची, मग सगळा क्लासच त्यांना मामा म्हणायला लागला.

"मी शिकाया न्हाई आलो बरं का! राखनीला आलोय," असं त्यांनी मला बजावलं. हे तीन दिवस टिकलं.

* * *

चौथ्या दिवशी रीटाचा उतारा होता. रीटा लहान गावात राहते, तिला नर्स व्हायचंय, म्हणून ती शहरात शिकायला जाते. मी मराठीत अर्थ सांगत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोनत्या गावची?"

"मामा, पुस्तकातली आहे."

"आसंल की. पर ती गेली शहरात, मंग माघारी मेंढरांमागं कोन हाय?"

"तिच्याकडे मेंढरं नाहीत."

"मंग म्हसरं आसतील."

"नाहीत."

"म्हातारं मानूस तरी आसंल का न्हाई घरात? त्याला भाकर कोन देतंय?"

सगळा क्लास माझ्याकडे बघायला लागला. प्रश्न सगळ्यांनाच पटला होता! शेवटी मी फळ्यावर एक ओळ वाढवली की रीटाचा भाऊ घरी असतो. मामांनी मान हलवली आणि पुढं शिकवायची परवानगी दिली.

तेव्हापासून प्रत्येक उताऱ्याला माझ्या पदरची एक ओळ जास्त असते. पायलट होणाऱ्या मुलीच्या घरी मी काका बसवला, चित्रकाराच्या घरी बहीण बसवली. एका शास्त्रज्ञाला तर सख्खं कुणीच नव्हतं, त्याच्या घरी शेजारीण आणून ठेवली.

* * *

बप्पा आमच्या क्लासमधले पुढारी. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. बाहेरचे पाहुणे आले की इंग्रजीत स्वागत करता यावं म्हणून येतात.

एकदा आशाचा उतारा होता. आशाच्या गावाला नदीवर पूल नाही, मुलं होडीनं शाळेला जातात, पूल व्हावा हे तिचं स्वप्न. मी विचारलं, आशाला काय हवं आहे?

बप्पा उभे राहिले. शर्ट खाली ओढला. "आय विल डू इट!"

"बप्पा, आशाला काय हवंय ते सांगायचंय."

"त्येच सांगतोय की. करून टाकू! वर आपलाच मानूस हाय."

दोन महिन्यांत बप्पांनी पुस्तकातल्या लोकांना एक पूल, दोन शाळा आणि एक ग्रंथालय मंजूर करून दिलं. आमच्या जिन्यात दिवा लावायचाही शब्द त्यांनी पहिल्याच आठवड्यात दिला होता. जिन्यात अजून अंधार आहे.

* * *

उतारा वाचायला इरफान पटाईत. त्याचं बसस्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे, आवाज खणखणीत. त्यानं एकदा एका मेंढपाळाचा उतारा वाचला. शंभर मेंढ्या असलेला हा मेंढपाळ गरीब आणि एकटा आहे, असं पहिल्याच दोन ओळींत होतं.

मामा घोंगडीवरून उठलेच! "शंभर मेंढरं आन गरीब? कुनी लिवलंय ह्ये?"

"मामा, पुस्तकात..."

"आन एकला कसा? कुत्रं हाय का न्हाई संगं?"

"असेल."

"मंग एकला कावून म्हनतो त्यो?"

इरफान म्हणाला, "अरे मामा, उसका सपना तो सुनो! त्याला समुद्र बगायचाय. जल्मात बगितला न्हाई त्यानं."

मामा खाली बसले. मग म्हणाले, "बगून येऊ द्या की त्याला. आठ दिस मी सांभाळतो त्याची मेंढरं."

बप्पा म्हणाले, "मामा, तुमचा गुडघा?"

"गुडघा माझा हाय. तुमी तुमचा पूल बगा."

* * *

शेवटच्या प्रश्नाचं सुरेखाशी कधी जमलंच नाही. बाकी उत्तरं भराभर लिहायची, आणि 'तुमचं स्वप्न काय?' ला वही कोरी.

मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाली, "मालकाला इचारून सांगते."

तिचा नवरा दत्ता दिवसभर मेंढरांमागं. दुसऱ्या दिवशी ती पाच ओळी लिहून घेऊन आली. बोअरला पाणी लागावं, असं स्वप्न होतं. इंग्रजी चांगलं होतं, मी बरोबरची खूण केली आणि म्हटलं, "हे दत्ताचं झालं. आता तुझं लिही."

पुढच्या दिवशी नव्या पाच ओळी आल्या. गुडघा बरा व्हावा.

"सुरेखा, हे मामांचं!"

"त्येंनाच इचारलं ना मॅडम. घरात तेवढेच हायेत इचाराया."

महिनाभरात तिनं शेजारणींची, मावसबहिणीचीही स्वप्नं लिहून आणली. तिचं स्वतःचं आलं नाही. मी चिडले नाही, पण काळजी वाटायची. पेपरात हाच प्रश्न आला तर दहा मार्कांना ही कुणाला विचारायला जाणार?

* * *

रीटाची गोष्ट दोन भागांत होती. पहिला भाग संपतो तेव्हा रीटाची परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. दुसरा भाग काढायला गेले तर माझ्या पुस्तकातलं ते पानच गायब! मी म्हटलं, जाऊ दे, दुसरा उतारा घेऊ.

क्लास ऐकायला तयार नाही. बप्पांनी वर फोन लावायची तयारी दाखवली. मामांनी तर दोन दिवस काठी आपटत एकच धरून ठेवलं, "त्या पोरीचं काय झालं त्ये सांगा आदी!"

शेवटी मी सांगून टाकलं, "पास झाली."

दुसऱ्या दिवशी मामा जिना चढून आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. प्रत्येकाला एक दिला, मला दोन.

सुरेखा लाजून म्हणाली, "मामा, ती आपली कोन लागती?"

"कोन का लागंना. पास झाली ना?"

* * *

हा पेढा मी लक्षात ठेवायला हवा होता. नाही ठेवला.

फेब्रुवारी सरत आला की इकडचा चारा संपतो आणि मेंढरं गंगेकाठाला, म्हणजे गोदावरीकडं न्यावी लागतात. दोन माणसं लागतात, एक कळपाच्या पुढं आणि एक मागं. दर वर्षी दत्ता आणि सुरेखा जायचे, गुडघ्यामुळं मामा घरी राहायचे. यंदा निघायचा दिवस इंग्रजीच्या पेपरच्या आठच दिवस आधी येत होता. सुरेखा मला हे सांगून डोळे पुसत खाली गेली.

मी घरी बसून शहाणपणा केला. स्वतःच एक उतारा लिहिला. लीला नावाची सून आहे. तिला परीक्षा द्यायची आहे. मेंढरं निघाली आहेत. सासरे तिला थांबू देत नाहीत. लीलानं काय करावं?

दुसऱ्या दिवशी इरफाननं तो वाचला. मी अर्थ सांगितला. बप्पासुद्धा 'करून टाकू' म्हणाले नाहीत.

मामांनी मागून विचारलं, "सासरा नगं म्हनला, ह्ये कुनी सांगितलं?"

"उताऱ्यात आहे, मामा."

"लीलानं इचारलं का त्याला?"

मी सुरेखाकडं बघितलं. सुरेखा वहीकडं बघत होती. "न्हाई इचारलं," ती अगदी हळू म्हणाली.

"आन मॅडमनी?"

"मीही नाही विचारलं," मी म्हटलं.

"मंग उतारा चुकला की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेढे खाल्लेल्या तोंडानं मी त्या माणसाला आडमुठा सासरा करून टाकलं होतं. ते आता आपला नेहमीचा प्रश्न विचारणार, म्हणून मी नुसती उभी राहिले. पण त्या दिवशी पहिल्यांदाच माघारी कोण आहे, हे त्यांनी विचारलं नाही. घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि काठी टेकत चौदा पायऱ्या उतरून गेले.

* * *

सोमवारी सुरेखा एकटीच वर आली. मी जिन्याकडं बघत राहिले, मागून काठीचा आवाज येईना.

"मामा कुठायत?"

"काल पहाटंच गेले, मालकासंगं. गंगंकडं."

"आणि गुडघा?"

"पट्टा बांदलाय. म्हनले, मेंढरं कुठं पळत्यात, चरतच तर जात्यात." तिनं वही उघडली. "आन तुमाला निरोप हाय. पेपरात कुनाचा उतारा आला त्ये नीट इचारून ठिवा म्हनले, आल्यावर सांगाया लागंल."

आठ दिवस भिंतीजवळची जागा रिकामी राहिली. तिथं कुणी बसलं नाही.

पेपरच्या दिवशी दुपारी सुरेखा थेट माझ्या घरी आली. मी पाणी दिलं. तिनं ते एका दमात प्यायलं आणि प्रश्नपत्रिकेची घडी उलगडून माझ्यासमोर ठेवली. शेवटचा प्रश्न होता, तुमचं स्वप्न काय, पाच ओळी लिहा.

मी प्रश्नावर बोट ठेवलं. "कुणाला विचारलंस?"

"कुनालाच न्हाई," ती म्हणाली. "लिवलं."

"सांग बघू."

तिनं हाताची बोटं मोजत, वर्गात म्हणते तशी एकेक ओळ म्हणून दाखवली. मला अंबाजोगाईला दवाखान्यात काम करायचं आहे. मला पांढरा कोट घालायचा आहे. मी रात्रपाळीला भिणार नाही. मी पेशंटशी गोड बोलेन. चारही ओळी इंग्रजीत, न अडखळता.

"आणि पाचवी?"

पाचव्या बोटाशी ती थांबली. मग म्हणाली,

"माय फादर-इन-लॉ इज विथ द शीप."