हरकतवाले सर

शिव्या खायला स्वतःहून लोकांच्या दारात जाणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो आमच्या कृती समितीत होता. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत बारामती-इंदापूर भागात विनाअनुदानित शाळा गावोगाव निघत होत्या. सरकारनं परवानग्या वाटल्या, संस्थाचालकांनी पाट्या लावल्या आणि शिकवणाऱ्याच्या पगाराचं काय, हे दोघंही विसरले. विसरले कसले, त्यांना ते आठवायचंच नव्हतं! एका गावच्या पोरांना अनुदानाचा फळा, नकाशे आणि पगारी शिक्षक. शेजारच्या गावच्या पोरांना पत्र्याची शेड आणि उपाशी मास्तर. याविरुद्ध मी दहा-बारा वर्षं पत्रकं लिहिली, आणि पत्रकांनी काही हलत नाही म्हणून समितीनं ठरवलं, कायदा कसा बदलायचा याचा मसुदाच आमदारांच्या हातात ठेवायचा. तो लिहायचं काम सणसरच्या बाजूला एका शाळेत मराठी शिकवणाऱ्या या सरांकडे गेलं.

सरांची पद्धत जगावेगळी. कलम लिहून झालं, की ते ज्याला टोचणार त्या माणसाला गाठायचं, खड्या आवाजात वाचून दाखवायचं आणि तो काय शिव्या देईल त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या. याला ते 'हरकती मागवणं' म्हणत. नेमणुकीसाठी देणगी उकळणाऱ्या संस्थाचालकाला शिक्षा, हे कलम त्यांनी आपल्याच संस्थेच्या अध्यक्षांना वाचून दाखवलं, तेही अध्यक्षांच्या मुलाच्या साखरपुड्यात, भर पंगतीत. अध्यक्ष जिलबीचं ताट घेऊन वाकले होते ते तसेच राहिले. "मास्तर, मी तुमच्या पानात जिलबी वाढतोय आन् तुमी माझ्या हातात बेड्या घालताय व्हय?" सर म्हणाले, "येवढीच हरकत? बोला आबा, मोकळं बोला." आबा मग इतकं मोकळं बोलले, की पाहुण्यांनी बायका-पोरांना मांडवाबाहेर नेलं. सरांनी जिलबी खाल्ली, घरी आले आणि कलमाखाली ओळ वाढवली: शाळेच्या इमारतीला सरकारनं मदत द्यावी. "आबा लबाड हाय, पण पत्र्याचं बिल त्यानं खरंच भरलंय," असं त्यांचं म्हणणं.

माझ्या भाषेवर तर त्यांची कायमची कात्री. मी 'रक्तपिपासू शासन' लिहिलं, की ते शांतपणे विचारत, "किती प्यालं? कोर्टात इचारतील." सरांच्या घरी वहिनी रात्रंदिवस शिलाई मशीन चालवायच्या. त्या एकदा चहा देताना म्हणाल्या, "अवो, मास्तर फुकट राबतो तवा त्याच्या घरचं कोण चालवतंय, ह्याचं कलम कितवं?" आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, 'हरकत मान्य' म्हणाले आणि मागच्या सगळ्या वर्षांचा पगार देण्याचं कलम लिहायला बसले.

पण सरांचं स्वतःचं एक दुखणं होतं. त्यांचं बी.एड. झालेलं नव्हतं. दरवर्षी 'यंदा अनुदान नक्की' अशी बातमी यायची, आणि वर्ग वाऱ्यावर सोडून वर्षभर शिकायला जायचं कसं, म्हणून ते थांबायचे. असे थांबत थांबत त्यांचे केस पांढरे झाले. आता खरंच अनुदान आलं, तर मान्यता मिळणार फक्त प्रशिक्षित शिक्षकाला. म्हणजे फुकट राबायला सर चालतात, पगार द्यायची वेळ आली की चालत नाहीत! मी बैठकीत टेबलावर हात आपटला आणि मसुद्यात एक वाक्य घालायला लावलं: बिनपगारी वर्षानुवर्षं शिकवलेल्यांना बी.एड.ची अट माफ.

सरांनी ते वाक्य गावभर वाचलं. अध्यक्षांनी मान डोलावली. हेडमास्तरांनी पाठ थोपटली. एकही शिवी आली नाही, आणि सर अस्वस्थ झाले. "शिवी न्हाय आली, म्हंजी ज्याला लागणार त्याला आपण इचारलंच न्हाय."

तीनचार दिवसांनी त्यांनी मला मोटरसायकल काढायला लावली आणि कळसला नेलं. तिथं त्यांची एक जुनी विद्यार्थिनी होती. सणसरला मामाकडे राहून शिकली, पुढं मराठी घेऊन बी.ए., बी.एड. झाली आणि नोकरीविना घरी बसली होती. सरांनी ओट्यावर बसून वाक्य वाचलं आणि म्हणाले, "बाळ, आता हरकत सांग. शिवी दिलीस तरी चालंल."

पोरगी खाली मान घालून म्हणाली, "न्हाय सर. माझी कसली हरकत."

आतून तिची आई बाहेर आली. "तिची नसंल, माझी हाय. मास्तर, तुमीच म्हणालता पोरगीला शिकवा. म्हणून हिच्या बापानं मेंढरं इकली. आता ती शिकून आली, तर तुमी आतनं कडी लावून बसणार व्हय?"

"आये, गप की! सर हायत ते."

"सर हायत म्हणूनच बोलतीया. दुसरा असता तर दारात उभा केला नसता!"

सर हात जोडून म्हणाले, "आली. हरकत आली."

त्यांनी ते वाक्य खोडलं. मी भांडलो, ओरडलो, समिती सोडायची धमकी दिली. मी म्हणालो, "सर, दोघांना पगार द्यायला सरकारला काय धाड भरलीय? तुम्ही कशाला जागा सोडता?" ते म्हणाले, "ते कलमही लिहिलंय मी. पण ते पास होईस्तवर मराठीची जागा एकच, म्हंजी एक जण घरी बसणार. ती बसायची का मी?" पुढच्या वर्षी शाळेला अनुदान आलं, तेही अर्धवट, पहिला टप्पा म्हणून. सरांची जागा राखायला अध्यक्ष 'प्रशिक्षित उमेदवार मिळत नाही' असं लिहून द्यायला तयार होते. सरांनी राजीनामा दिला आणि कळसच्या पोरीला बोलावून घेतलं. आमचा मसुदा मुंबईला गेला तो गेलाच. त्याचा राग मला आजही येतो.

सर आता बारामती एमआयडीसीत एका दूध कारखान्यात आवक लिहितात. सायकलवर फाट्यापर्यंत येतात आणि तिथून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून जातात. मागच्या आठवड्यात सकाळी ते मला फाट्यावर दिसले नाहीत. फाट्यालगतच्या आपल्या जुन्या शाळेच्या कुंपणापाशी एक पाय टेकून सायकलवरच उभे होते. आत कळसची ती पोरगी कविता म्हणत होती आणि पोरं मागून म्हणत होती.

"सर, इकडं कुठं? ड्यूटी हाय ना?"

"सायकल वळती हिकडं," ते म्हणाले. "मी न्हाय वळवत."

फाट्यावर मोटरसायकलवाला हॉर्न देत होता. सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. एक कडवं राहिलं होतं.