आमचा साडू आणि आप्पांची टाळी

माणसांचे चेहरे सोडून नुसत्या चाली ओळखणारा जगात एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. अपघाताने किंवा पॅरालिसिसने हातपाय अधू झालेल्या माणसांना पुन्हा हालचाल करता यावी म्हणून यंत्रं बनवायची, हे त्याचं संशोधन. कामाची जागा सोडली की काम डोक्यातून काढावं, ही रीत त्याला मान्य नाही. लग्नाच्या हॉलमध्ये माझी बायको समोरून हसत आली तरी हा शून्यात बघत असतो, ती पाठ फिरवून चालू लागली की लगेच म्हणतो, "अरे, ताई आल्यात वाटतं. डावा गुडघा जपून टाकताहेत." सोसायटीच्या चेअरमनचं नाव त्याला इतक्या वर्षांत पाठ झालेलं नाही. तो त्यांना 'टाच घासणारे' म्हणतो, आणि एकदा त्यांच्या तोंडावरच म्हणाला. तोंडावर म्हणजे खरं तर त्यांच्या चपलांकडे बघून.

याच नादापायी त्याचं लग्न मोडता मोडता जमलं. आमचे सासरे, आप्पा, भाईंदरजवळच्या नवघरचे जुने मिठागरवाले. त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला हा मोरव्याहून आईवडिलांना घेऊन आला. मोठा जावई म्हणून मीही त्या बैठकीत होतो. पोहे झाले, मुलगी चहा देऊन आत जायला वळली आणि हा म्हणाला, "जरा तिथपर्यंत पुन्हा एकदा चालून दाखवाल का?" मुलगी लंगडत तर नाही ना, हे बघायला तिला चालवायची जुनी रीत आमच्याकडे कधीच गाडली गेली होती, आणि हा एवढा शिकलेला पोरगा ती उकरून काढतोय असं सगळ्यांना वाटलं. आप्पांचा पारा चढला. "माजी पोर काय बाजारातला बैल हाय?" त्यांनी विचारलं. याला आपलं काय चुकलं तेच कळेना. "नाही हो, चाल फार सुंदर आहे. दोन्ही पायांवर वजन अगदी सारखं पडतंय. असं क्वचित बघायला मिळतं," तो म्हणाला. मुलीने हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "आधी तुम्ही चालून दाखवा." हा उठला, गंभीर चेहऱ्याने दारापर्यंत गेला आणि तसाच परत आला. तिला हसू आवरेना, आणि लग्न तिथेच ठरलं. बायकोच्या रूपाबद्दल त्याच्या तोंडून त्यानंतर एक शब्द कुणी ऐकलेला नाही. चालीबद्दल मात्र तो आजही भरभरून बोलतो.

या संशोधनात म्हणे माणसाच्या सांध्यांवर खुणा चिकटवून त्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढतात. घरी तशा खुणा कुठून आणणार, म्हणून हा टिकल्या वापरतो. भाईंदर पूर्वेच्या बाजारात टिकल्यांचा अख्खा बॉक्स मागणारा पुरुष हा एकटाच असेल. एकदा त्याने माझ्या गुडघ्यांना आणि घोट्यांना लाल टिकल्या लावून मला हाफ पँटीत गच्चीवर फेऱ्या मारायला लावल्या. पापड वाळत घालायला आलेल्या शेजारच्या भानुबेन मला बघून 'जय श्री कृष्ण' म्हणाल्या आणि आल्या पावली खाली गेल्या. त्यापुढची पायरी म्हणजे त्याने स्वतःचा उजवा हात फडक्याने छातीशी बांधला आणि चांगला महिनाभर डाव्या हाताने जगला. "पेशंटला काय होतं ते कळायला नको?" हे त्याचं म्हणणं. वॉचमनने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "साहब, सरसों का तेल गरम करके लगाओ." उत्तनहून मासे घेऊन येणाऱ्या मावशी हळहळल्या. "हाताला काय झाला रं बाला?" म्हणत त्यांनी पिशवीत दोन बोंबील जास्तीचे टाकले. यावर कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. याने हात धडधाकट असल्याचं आणि हा प्रयोग असल्याचं त्यांना सविस्तर समजावून सांगितलं. मावशींनी दोन्ही बोंबील परत काढून घेतले.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. या माणसाला विनोद कळत नाही. केळीच्या सालावरून कुणी घसरल्याचा किस्सा ऐकला की तो म्हणतो, "पण अशा वेळी माणूस पुढे पडत नाही, मागे पडतो." आणि आप्पा म्हणजे चालताबोलता विनोद. मिठागरं गेली, त्या जागी इमारती आल्या, पण आप्पांच्या गोष्टी काही आटल्या नाहीत. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी उजवा हात पुढे करून ते म्हणायचे, "दे टाली." जावयांना ते एरवी 'तुमी' म्हणत, टाळी मागताना मात्र आम्ही सगळे 'दे'वर यायचो. समोर हा साडू असला की आप्पांचा हात तसाच अधांतरी राहायचा, कारण हा अजून गोष्टीतल्या साहेबाने असं का केलं असेल याचा विचार करत असायचा.

मग आप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं लवकर सुधारलं, पाय हळूहळू टेकू लागला, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. आप्पांनी गोष्टी सांगणं बंद केलं. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "कशाला? टाली कोन देनार?" डावा हात पुढे करा असं सुचवलं तर मान फिरवायचे. फिजिओथेरपीच्या बाई ग्लास उचलायला सांगत, तर ते ग्लासाकडे बघत बसायचे. हसता-बोलता माणूस असा आटत चाललेला बघवत नव्हता. आम्हाला त्यांच्या हातापेक्षा त्याचीच भीती वाटत होती.

एका दुपारी आप्पांना मोठी जांभई आली आणि तो निपचित हात आपोआप छातीपर्यंत वर आला. सासूबाईंनी तिथल्या तिथे गावदेवीला नारळ बोलला. शेजारीपाजारी जमले आणि आप्पांना आणखी जांभया याव्यात म्हणून समोर बसून सगळे जांभया देऊ लागले. साडू आला, त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "हे बरं होण्याचं लक्षण नाही. मोठा रस्ता मेट्रोच्या कामात बंद असला तरी गावातल्या बोळातून एखादी रिक्षा निघते ना, तसं आहे. जांभईचा रस्ता वेगळा असतो." सासूबाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मलाही त्याचा राग आला. खोटं बोलायला काय जात होतं?

पण तो खोटं बोलला नाही आणि गप्पही बसला नाही. छतातल्या पाळण्याच्या जुन्या कडीला त्याने एक पट्टा आणि एक छोटी मोटर टांगली. आप्पांचा हात त्या पट्ट्यात ठेवला. "हे मशीन हात उचलत नाही," त्याने आम्हाला बजावलं. "आप्पांनी स्वतः जरा जरी जोर लावला, तरच ते पुढची मदत करतं. आधी त्यांना हात उचलावासा वाटायला हवा." ग्लासासाठी आप्पांना तो उचलावासा वाटत नव्हता. तेव्हा हा महाशय समोर स्टुलावर बसला, स्वतःचा तळवा पुढे केला आणि विनोद सांगू लागला.

ते विनोद ऐकणं ही शिक्षा होती. मोबाइलवर पाठ करून यायचा आणि शेवट आधी सांगून टाकायचा. आप्पा भिंतीकडे बघत राहायचे, मोटर मुकाट टांगलेली असायची. एके दिवशी त्याने आप्पांचीच गोष्ट काढली. "एक साहेब मिठागरावर आले. त्यांनी मिठाचं बी मागितलं. आता मिठाला बी नसतं, ते बाष्पीभवनाने तयार होतं, हे आपल्याला माहीत आहेच..."

आप्पांना ते सहन होईना. "आरं, असा न्हाय," ते करवादले. "सायेब बोल्ला, काका, मिठाचा बी कुटं मिलतो? मी बोल्लो, बी न्हाय मिलत, कलम करावा लागतो. सायेब बोल्ला, कशावर? मी बोल्लो, सुकटीवर. सायेब दचाकला. बोल्ला, म्हंजे मीठ नॉनवेज हाय? तवापासून बिचारा अलनी खातंय. दे टाली."

आणि मोटर गुणगुणली. हात थरथरत वर निघाला, अर्ध्यावर अडला, पुन्हा निघाला. साडूचा तळवा जागचा हलला नाही. आप्पांचा हात तळव्यावर न पडता त्याच्या मनगटावर पडला. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला हसूही येत होतं आणि रडूही.

हे सगळं गोष्टीतल्यासारखं संपायला हवं होतं, पण तसं झालं नाही. त्याच्या संस्थेच्या पद्धतीने तपासलं तेव्हा हातात म्हणावा असा फरक नव्हता. ग्लास आजही डाव्या हाताने उचलावा लागतो, शर्टाची बटणं सासूबाई लावतात. टाळी मोजायची सोय त्या तपासणीत नाही. साडूने प्रामाणिकपणे 'फरक नाही' असंच नोंदवलं.

आता पट्टाही निघाला आहे. रविवारी आम्ही जमतो, आप्पा गोष्ट सांगतात आणि टाळी मागतात. तो हात यायला वेळ लागतो. तोपर्यंत हसणं संपतं, कुणी चहा गाळायला उठतं, टीव्हीवर बातम्या बदलतात. मी कबूल करतो, कधी कधी माझा हात अवघडून खाली येतो. साडूचा येत नाही. त्याला विनोद अजूनही कळलेला नाही. परवा जिन्यात त्याने मला हळूच विचारलं की साहेबाने दुसऱ्या कंपनीचं मीठ का आणलं नाही. पण आप्पांचा हात वाटेवर असेपर्यंत तो तळवा पुढे धरून बसतो, आणि त्या वेळी तो चालीकडे, गुडघ्यांकडे कुठेच बघत नसतो. आप्पांच्या तोंडाकडे बघत असतो. अशा वेळी मला हा माणूस फार आवडतो. अखेर हात येतो. आवाज होत नाही, नुसता टेकतो.

"मिळाली, आप्पा," साडू म्हणतो.